रबराचा दर्प आणि हरणाचे नाक

शिकारीसाठी वापरल्या जाणाऱ्या उंच रबरी बुटांचे, म्हणजे ज्यांना मराठीत सर्रास गमबूट म्हटले जाते त्या पादत्राणांचे, प्रयोजन दुहेरी असते: बाहेरची ओल आत येऊ द्यायची नाही आणि आतला वास बाहेर जाऊ द्यायचा नाही. चामडे आणि कापड सच्छिद्र असल्यामुळे पायाचा घाम, त्यातील स्निग्धाम्ले आणि त्वचेवरील जिवाणूंनी तयार केलेली गंधद्रव्ये त्यांत मुरतात, आणि चालताना ती गवतावर, पाचोळ्यावर, ओल्या मातीवर थोडीथोडी उतरत जातात. रबराचा अखंड पापुद्रा हे मुरणे आणि उतरणे बऱ्याच अंशी थांबवतो. उत्तर अमेरिकेत कोल्हे आणि कायोट यांच्यासाठी सापळे लावणारे लोक याच कारणाने रबरी बूट आणि रबरी हातमोजे वापरत आले आहेत, आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करणाऱ्यांतही हीच रीत रूढ आहे. मात्र माणसाचा वास अडवणारा हा पापुद्रा नवा असताना स्वतःचाच इतका तीव्र दर्प सोडतो की खोके उघडताच खोली त्याने भरून जाते. वास लपवण्यासाठी घेतलेली वस्तूच वासाचे उगमस्थान ठरावी, हा पेच प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

ग्रंथाची भूमिका आरंभीच सांगितलेली बरी. नव्या रबराचा वास हा पृष्ठभागावर बसलेला मळ नसून रबराच्या अंगातून सावकाश बाहेर पडणारे द्रव्य आहे. म्हणून तो एका धुण्याने जात नाही, सुवासिक फवाऱ्याखाली दडपला जात नाही, आणि त्याला बाहेर पडण्यासाठी ऊब, वाहती हवा व पुरेसा अवधी या तिन्ही गोष्टी द्याव्या लागतात. प्रचलित उपायांपैकी निम्मे निरुपयोगी आणि काही तर बुटालाच अपायकारक ठरतात, ते हे मूळ कारण नजरेआड झाल्यामुळे. पुढील विवेचनात उपायांपेक्षा कारणांना अधिक जागा दिली आहे, कारण कारण उमगले की उपाय निवडण्याचे काम वाचक स्वतः करू शकतो.

ज्या नाकासाठी हा खटाटोप आहे त्याचा विचार प्रथम करणे क्रमप्राप्त आहे. पांढऱ्या शेपटीचे हरीण ही उत्तर अमेरिकेत सर्वाधिक शिकार होणारी मोठी मृगजाती आहे. एकोणिसाव्या शतकातील बेसुमार बाजारू शिकारीमुळे संयुक्त संस्थानांत तिची संख्या काही लाखांपर्यंत खाली आली होती. बेकायदा मारलेल्या वन्यप्राण्यांच्या आंतरराज्य व्यापाराला आळा घालणारा १९०० सालचा लेसी कायदा, बंदुका व दारूगोळ्यावरील कराचे उत्पन्न वन्यजीवांच्या कामाला लावणारा १९३७ सालचा पिटमन-रॉबर्टसन कायदा, आणि राज्याराज्यांनी ठरवून दिलेले हंगाम व मर्यादा यांमुळे ती सावरली, आणि आज ती संख्या सुमारे तीन कोटी मानली जाते. तिथली शिकार त्यामुळे परवाना, हंगाम आणि नियम यांच्या चौकटीत चालते. विस्कॉन्सिन राज्यातील नोव्हेंबरातला नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम हा त्या भागाच्या सामाजिक जीवनातला एक ठरलेला काळ असतो. तिरंदाजीचा हंगाम बहुतेक राज्यांत त्याआधी सुरू होतो, आणि वासाचा प्रश्न तिथे खऱ्या अर्थाने तीव्र होतो. बंदुकीने शंभर-दीडशे मीटरवरून साधणारे काम धनुष्याने वीस-तीस मीटरच्या आत साधावे लागते, आणि त्या अंतरावर हरणाचे नाक हा शिकाऱ्याचा सर्वांत कठोर परीक्षक असतो.

या नाकाची रचना समजून घेण्याजोगी आहे. वासाचे रेणू ओळखणाऱ्या ग्राहींचे, म्हणजे नाकातील पेशींवर बसलेल्या व विशिष्ट रेणू पकडणाऱ्या प्रथिनांचे, एक मोठे जनुक-कुल असते, हे लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना २००४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात अशी कार्यक्षम जनुके सुमारे चारशे असतात, तर हरणासारखाच रवंथ करणाऱ्या गाईमध्ये ती हजाराहून अधिक असतात. त्याखेरीज टाळूच्या वरच्या बाजूला ‘जेकबसनचे इंद्रिय’ नावाची गंधसंवेदनेची एक वेगळी व्यवस्था असते. वरचा ओठ मुडपून, मान उंचावून उभा राहणारा नर त्याच इंद्रियाने मादीच्या मूत्रातील संकेत वाचत असतो. पादत्राणांच्या विषयाशी याहूनही जवळचा संबंध असलेली गोष्ट म्हणजे हरणाच्या खुरांच्या फटीतील ग्रंथी. तिच्यातून पाझरणारे तीव्र वासाचे द्रव्य प्रत्येक पावलागणिक जमिनीवर उमटते, आणि मागून येणारे दुसरे हरीण नाक खाली घालून तो माग वाचते. मागच्या पायांच्या सांध्याशी, डोळ्यांच्या कोपऱ्यांत आणि कपाळावरही ग्रंथी असतात, परंतु जमिनीवरचा मजकूर मुख्यतः खुरांनी लिहिलेला असतो. शिकाऱ्याचे बूट नेमके याच पानावर उमटतात. टोपीचा किंवा अंगरख्याचा वास वाऱ्याबरोबर वाहून विरळ होतो, पण बुटाने पाचोळ्यावर ठेवलेला वास शिकारी निघून गेल्यावरही काही काळ तिथेच राहतो आणि संध्याकाळी त्या वाटेने येणाऱ्या हरणाला सापडतो.

इथे अतिशयोक्ती टाळणे आवश्यक आहे. हरणाला रबराचा वास उपजत धोक्याचा वाटतो असे मानण्यास आधार नाही. ट्रॅक्टरची चाके, पाण्याच्या नळ्या आणि शेतकऱ्यांचे बूट यांच्या सहवासात वाढलेल्या कळपाला तो परिचित असतो, तर दूरच्या अरण्यात, जिथे माणूस क्वचितच पोहोचतो, तिथे तो नवखा असतो, आणि नवखेपणाच हरणाला थबकायला लावतो. शिवाय बूट कितीही निर्गंध केले तरी श्वास, केस आणि त्वचा यांतून माणूस अखंड वास सोडत असतो. २००२ साली जॉन शिविक यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोळशाचे अस्तर असलेले गंधरोधक पोशाख घातलेली माणसेही शोधकुत्र्यांनी हुडकून काढली होती. म्हणून वाऱ्याचा रोख ओळखून बसणे, सकाळी ऊन चढताना उतारावरची हवा वर सरकते आणि सांजवेळी ती खाली उतरते हे ध्यानात घेऊन जागा निवडणे, ही जुनी विद्या आजही पहिल्या क्रमांकाची आहे, आणि बुटांची निगा तिच्या मागून येते. पाणपक्ष्यांच्या शिकारीत तर हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही, कारण बदके प्रामुख्याने डोळ्यांवर विसंबतात. तिथे नव्या रबराच्या वासाचा त्रास होतो तो फक्त घालणाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना.

आता खुद्द वासाकडे वळावे. वासांना नावे देण्याच्या बाबतीत मराठी भाषा विलक्षण समृद्ध आहे. करपट, खवट, आंबूस, कुबट, उबट, धुरकट, हिवस असे शब्द रोजच्या स्वयंपाकघरातले असले तरी रसायनशास्त्राच्या विश्लेषणाला ते चांगलेच उपयोगी पडतात. नव्या गमबुटाचा वास एकजिनसी नसतो. लक्ष देऊन हुंगल्यास त्यात निदान चार धागे वेगळे करता येतात. पहिला टायरच्या दुकानात येतो तसा करपट, गंधकाची आठवण करून देणारा. दुसरा रॉकेल किंवा टर्पेंटाईनसारखा, डोक्यात जाणारा. तिसरा आंबूस-खवट, शिळ्या लोण्याच्या जवळ जाणारा. आणि चौथा मासळीसारखा उग्र, जो दमट हवेत अधिक जाणवतो. या प्रत्येक धाग्याचे मूळ वेगळे आहे, त्याला लागणारा काळ वेगळा आहे, आणि म्हणूनच एकच एक रामबाण उपाय संभवत नाही.

आंबूस धाग्याचे मूळ झाडात आहे. ‘हेविया ब्राझिलिएन्सिस’ या झाडाच्या सालीला तिरपी चीर देऊन मिळणाऱ्या चिकात सुमारे एक तृतीयांश भाग रबर असते आणि उरलेल्यात पाण्याबरोबर प्रथिने, शर्करा व स्निग्ध पदार्थ असतात. फॉर्मिक किंवा ॲसेटिक आम्ल घालून चीक गोठवला, लाटून त्याच्या शीट केल्या आणि धुराच्या खोलीत वाळवल्या तरी हे सेंद्रिय पदार्थ पूर्णपणे निघून जात नाहीत, आणि जिवाणू त्यांच्यापासून ब्युटिरिक, व्हॅलेरिक यांसारखी बाष्पनशील स्निग्धाम्ले तयार करतात. बाष्पनशील म्हणजे साध्या तापमानालाही सहज वाफ होऊन हवेत मिसळणारी. दक्षिण कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गातील दोडामार्गच्या परिसरात, जिथे आता रबराच्या बागा उभ्या आहेत, तिथल्या माणसांना गोठलेल्या चिकाचा हा वास सांगावा लागत नाही. कारखान्यात बनलेल्या बुटात तो पुष्कळ मंदावलेला असतो, पण नैसर्गिक रबराचे प्रमाण जितके अधिक तितका तो शिल्लक राहतो.

करपट धाग्याचा इतिहास अधिक मोठा आहे आणि तो रबराच्या उद्योगाचाच इतिहास आहे. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ साली कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळवून जलरोधक कापड बनवले, तेव्हापासून दुर्गंध हा या मालाचा सोबती झाला. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होऊन पाघळे, थंडीत कडक होऊन तडके, आणि १८३०च्या दशकात अमेरिकेत निघालेल्या रबर कंपन्यांचा माल उन्हाळ्यात वितळून, असह्य दर्प सोडत परत येऊ लागल्यावर तो सारा उद्योगच डबघाईला आला. चार्ल्स गुडइयर यांना १८३९ साली गंधक मिसळलेले रबर तापवले असता ते पक्के होते असे आढळले. १८४४ साली त्यांना त्याचे अमेरिकन पेटंट मिळाले, त्याच सुमारास इंग्लंडात थॉमस हँकॉक यांनीही आपला हक्क नोंदवला, आणि रोमन अग्निदेव व्हल्कन याच्या नावावरून या क्रियेला व्हल्कनीकरण हे नाव पडले. रबराचा रेणू म्हणजे हजारो सारख्या घटकांची एक लांबलचक साखळी. कच्च्या रबरात या साखळ्या शेवयांसारख्या एकमेकींवरून घसरतात. गंधकाचे अणू त्यांच्यामध्ये पूल बांधतात आणि सैल गुंत्याचे जाळे होते. रबराला ताणल्यावर परत येण्याचा गुण देणारे हे जाळेच बुटाच्या वासाचेही जन्मस्थान आहे.

त्याचे कारण असे की नुसत्या गंधकाने ही क्रिया फार मंद चालते. जॉर्ज ऑएनस्लेजर यांनी १९०६ साली ॲनिलिनच्या साह्याने ती वेगवान करून दाखवली, आणि तेव्हापासून प्रवेगक, म्हणजे व्हल्कनीकरणाचा वेग वाढवणारी द्रव्ये, रबराच्या मिश्रणात अपरिहार्य झाली. आज थायुरॅम, डायथायोकार्बामेट आणि मर्कॅप्टोबेन्झोथायाझोल या कुळांतील प्रवेगक वापरले जातात. १४० ते १६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या मिश्रणात ते आपले काम करतात आणि स्वतः मोडून त्यांचे लहान तुकडे रबरात अडकून राहतात. त्यांपैकी बेन्झोथायाझोल हा टायरसारख्या वासाचा मुख्य धनी. कार्बन डायसल्फाइड हा गंधकी, सडका. आणि अमाइन वर्गातील द्रव्ये ही मासळीसारख्या वासाची. रॉकेलसारखा धागा येतो तो रबर मऊ ठेवण्यासाठी मिसळलेल्या खनिज तेलांतून आणि थर चिकटवण्याच्या द्रावणातील टॉल्यूइन किंवा नॅफ्थ्यासारख्या द्रावकांतून. कृत्रिम रबरही यातून सुटलेले नाही. आज अनेक शिकारी बुटांच्या नळीत उबेसाठी निओप्रीनचा फेस असतो. ड्यूपाँ कंपनीने १९३१ साली हा पदार्थ प्रथम बाजारात आणला तेव्हा त्याचाही दर्प इतका वाईट होता की दुर्गंधी उपद्रव्ये टाळणारी नवी निर्मितिप्रक्रिया शोधावी लागली.

बूट घडवण्याची रीत पाहिली म्हणजे हे सारे एकत्र कसे साठते ते ध्यानात येते. हाताने रचलेल्या बुटात धातूच्या कलबुतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, आधी अस्तर चढवतात. त्यावर निओप्रीन, मग रबराचे कापलेले पत्रे, टाचेला व चवड्याला जादा थर आणि शेवटी सोल बसवतात. दोन थरांमध्ये रबराचे द्रावण लावलेले असते, आणि ही संपूर्ण रचना वाफेच्या दाबपात्रात तापवून एकजीव केली जाते. बाहेर आलेला बूट थंड होतो न होतो तोच प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग पुठ्ठ्याच्या खोक्यात आणि मग जहाजावरच्या बंद कंटेनरमध्ये जातो. जो वास सुटायला हवा होता त्याला सुटायला वावच मिळत नाही. तो अस्तरात, पुठ्ठ्यात आणि परत रबराच्या पृष्ठभागात मुरत राहतो. खोके उघडताक्षणी येणारा भपकारा हा त्या साठ्याचा असतो, आणि तो दोन दिवसांत ओसरतो म्हणून बूट स्वच्छ झाले असे समजणे ही पहिली चूक होय.

हा मुद्दा या विषयाचा गाभा असल्यामुळे थोडा विस्ताराने मांडणे योग्य ठरेल. घन रबराच्या आतले रेणू साखळ्यांच्या फटींतून वाट काढत पृष्ठभागाकडे सरकतात. या सरकण्याला विसरण म्हणतात, आणि त्याचा गणिती नियम आडोल्फ फिक यांनी १८५५ साली सांगितला. त्या नियमाचा व्यवहारातला अर्थ असा की जाडी दुप्पट झाली तर बाहेर पडण्याचा काळ दुप्पट होत नाही, चौपट होतो. नळीच्या ठिकाणी रबर दोन मिलिमीटर आणि सोलच्या ठिकाणी दहा मिलिमीटर असे धरले, तर सोलमधला वास निघायला नळीच्या मानाने पंचवीसपट काळ लागेल; म्हणून नळी निर्गंध झालेल्या बुटाचा तळ नाकाशी नेला असता तो अजून करपट लागतो, आणि हरणाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग तर तोच आहे. द्रव्यांच्या स्वभावातही असाच फरक असतो. कार्बन डायसल्फाइड ४६ अंशांना उकळतो, टॉल्यूइन १११ अंशांना, तर बेन्झोथायाझोल २२७ अंशांच्या आसपास; अर्थात पहिला लवकर उडून जातो, दुसरा त्याच्या मागोमाग, आणि तिसरा कित्येक आठवडे रेंगाळतो. तापमान वाढले की या तिन्हींचा वेग वाढतो, पृष्ठभागावरची हवा बदलत राहिली की बाहेर पडलेला रेणू परत मुरत नाही. उन्हाळ्याच्या आरंभी खरेदी करून, सावलीत, वाऱ्याच्या जागी, उलटे टांगून ठेवलेले बूट शरदातल्या हंगामापर्यंत तयार होतात ते या साध्या न्यायाने. हंगामाच्या आदल्या आठवड्यात घेतलेल्या बुटांना कोणतेही रसायन तेवढ्या थोड्या काळात त्या अवस्थेला आणू शकत नाही.

धुण्याला स्थान आहे, पण मर्यादित. साच्यातून बूट सुटावा म्हणून वापरलेले निसटद्रव्य, प्रवेगकांचे व मेणाचे पृष्ठभागावर फुलून आलेले पांढरट पीठ आणि वाहतुकीतला मळ हे सारे कोमट पाण्याने व बिनवासाच्या सौम्य साबणाने निघते, आणि ते निघाले की आतल्या रेणूंची वाट मोकळी होते. धुणे हे त्यामुळे आरंभीचे आणि मग अधूनमधून पुन्हा करण्याचे काम आहे. खाण्याचा सोडा हा सौम्य आम्लारी आहे. तो आंबूस स्निग्धाम्लांना निष्प्रभ करतो, परंतु बेन्झोथायाझोल किंवा खनिज तेल यांच्याशी त्याला कर्तव्य नसते. शिरका म्हणजे व्हिनेगर आम्लधर्मी असल्यामुळे मासळीसारख्या वासाच्या अमाइनांना बांधतो. दोन्ही एकत्र ओतले असता भरपूर फेस येतो आणि पाहणाऱ्याला मोठे काहीतरी घडल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ते परस्परांनाच निष्प्रभ करून बसतात. सक्रियित कोळसा मात्र करपट आणि तेलकट या दोन्ही धाग्यांवर चालतो. उच्च तापमानाला वाफेने किंवा रसायनाने असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडलेल्या या कोळशाच्या एका ग्रॅमचा अंतर्गत पृष्ठभाग शेकडो ते हजारावर चौरस मीटर भरतो, आणि गंधरेणू त्या भिंतींना चिकटून राहतात. या चिकटण्याला अधिशोषण म्हणतात. कापडी थैलीत भरलेला असा कोळसा बुटाच्या आत ठेवला तर अस्तरातील वास ओढून घेण्यास तो उत्तम. चुलीतला साधा लाकडी कोळसा त्याच्या तुलनेत फारच दुबळा असतो.

जे करू नये त्याची यादी मात्र स्पष्ट शब्दांत द्यायला हवी, कारण त्यात नुकसान आहे. गंध नष्ट करणारी यंत्रे म्हणून शिकाऱ्यांना विकली जाणारी ओझोन-यंत्रे नैसर्गिक रबराची वैरी आहेत. रबराच्या साखळीतील दुहेरी बंध ओझोन तोडतो, आणि घडीच्या जागी, जिथे रबर ताणलेले असते, तिथे बारीक भेगा पडतात. निओप्रीन त्यापुढे अधिक टिकते, पण बुटाचा बाहेरचा पत्रा बहुधा नैसर्गिक रबराचा असतो. थेट ऊन वास लवकर घालवते हे खरे असले तरी ऑक्सिडीकरणाने रबर झिजवते, म्हणून सावलीतली ऊब हवी. विरंजक चूर्ण, पेट्रोल, ॲसिटोन यांचा स्पर्शही नको. त्यांनी रबर फुगते किंवा कडक होते, आणि पेट्रोलसारखा नवा वास अंगाला लागतो तो निराळाच. बूट फ्रीजरमध्ये ठेवण्याची युक्ती तर उलटी आहे, कारण थंडीत रेणूंची हालचाल मंदावते आणि वास बाहेर पडण्याऐवजी आत कोंडला जातो. बाहेर काढल्यावर काही वेळ तो जाणवत नाही एवढेच. देवदाराचा अर्क, कोल्ह्याचे मूत्र, ओली माती आणि पाला यांनी वास झाकण्याची प्रथा जुनी आहे आणि तिच्याविषयी शिकाऱ्यांत आस्था आहे, परंतु हरणाचे नाक दोन वास मिसळून तिसरा एकच वास घेत नाही. ते दोन्ही वेगवेगळे घेते, असे मानून चालणे सुरक्षित. पाचोळ्यात बूट ठेवल्याने फायदा होतो तो त्या काही आठवड्यांत रबर आपोआप सुटत गेल्यामुळे, आणि त्याचे श्रेय पाचोळ्याला जाते.

वास गेला की नाही हे ठरवायचे कसे, हाही एक प्रश्न आहे. एकाच वासात काही मिनिटे राहिलेल्या माणसाचे नाक त्या वासापुरते बधिर होते. ज्या खोलीत बूट आठवडाभर टांगलेले आहेत त्या खोलीत वावरणाऱ्याचा निर्णय म्हणूनच ग्राह्य धरता येत नाही. बाहेरच्या मोकळ्या हवेतून आलेल्या दुसऱ्या कोणाला बूट हुंगायला सांगावेत, किंवा ते स्वच्छ झाकणबंद डब्यात उबदार जागी एक रात्र ठेवून सकाळी झाकण उघडताना पहिल्याच श्वासाला काय जाणवते ते पाहावे. सोल स्वतंत्रपणे तपासावा.

आरोग्याचा विचारही इथे डावलता येत नाही. अलेक्झांडर पार्क्स यांनी १८४६ साली शोधलेल्या थंड व्हल्कनीकरणात कार्बन डायसल्फाइड मुबलक वापरला जाई, आणि ऑग्यूस्त देलपेश यांनी १८५६ साली पॅरिसमधील रबर कामगारांच्या मज्जासंस्थेवर व मनावर झालेले त्याचे भीषण परिणाम नोंदवले. आज बुटाच्या ग्राहकापर्यंत पोहोचणारे प्रमाण त्याच्याशी तुलना करण्यासारखे नाही, तरीही झोपण्याच्या खोलीत किंवा लहान मुलांच्या आसपास नवे बूट सुटत ठेवू नयेत हे उघड आहे. थायुरॅम आणि मर्कॅप्टोबेन्झोथायाझोल यांनी काहींच्या पायांना खाज व पुरळ उठते. अशांनी जाड मोजे वापरावेत आणि त्रास टिकल्यास त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. खनिज तेलांतील काही बहुचक्री सुगंधी हायड्रोकार्बने कर्करोगकारक असल्यामुळे युरोपीय संघाने २०१५ अखेरपासून त्वचेशी संबंध येणाऱ्या रबरी वस्तूंत त्या प्रत्येकाला किलोमागे एक मिलिग्रॅमची मर्यादा घातली. अतिशय स्वस्त आणि अतिशय तेलकट वासाचा बूट टाळण्यामागे म्हणून केवळ हरणाचा विचार नसावा.

मराठी वाचकाला या विषयाशी काय देणेघेणे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा छंद राहिलेला नाही, आणि तो राहू नये हेच उचित आहे. परंतु गमबूट इथलेही आहेत. भातलावणीच्या चिखलात उभे राहणारे शेतकरी, गटारे व नाले साफ करणारे कामगार, गोठ्यांतली आणि मासळीबाजारातली माणसे यांना लेप्टोस्पायरोसिससारख्या, दूषित पाण्यातून जखमेवाटे शिरणाऱ्या रोगापासून तेच वाचवतात. आणि ते वापरले जात नाहीत याची जी कारणे असतात त्यांत उकाडा व वजन यांच्याबरोबर वासही असतो. पावसाळ्याच्या तोंडावर वाटलेले बूट जर महिनाभर आधी खोक्याबाहेर काढून वाऱ्यावर टांगले गेले, तर त्यांतले अधिक बूट पायांत जातील, असे मानण्यास जागा आहे. विस्कॉन्सिनच्या शिकाऱ्याने हरणासाठी मिळवलेले ज्ञान कोकणातल्या शेतकऱ्याच्या उपयोगी पडावे, ही या ग्रंथाच्या मराठीत येण्यामागची खरी प्रेरणा आहे.

शेवटची बाब बूट निर्गंध झाल्यानंतरची. ज्या फटींतून रेणू बाहेर पडतात त्याच फटींतून ते आतही शिरतात, आणि रबर स्वतः तेलकट स्वभावाचे असल्यामुळे तेलकट वासांना ते विशेष आपलेसे करते. तीन महिने सुटत ठेवलेले बूट घालून पेट्रोल पंपावर उतरले, फोडणीच्या वासाने भरलेल्या स्वयंपाकघरात ठेवले किंवा गाडीच्या डिकीत इंधनाच्या डब्याशेजारी टाकले, तर केलेली मेहनत वाया जाते. म्हणून ते स्वच्छ, झाकणबंद पेटीत न्यावेत आणि गाडीतून उतरल्यावर, रानाच्या कडेलाच, पायांत घालावेत. दिवस संपल्यावर ते परत त्याच पेटीत जावेत, पण आतून पूर्ण कोरडे झाल्यावरच. कारण अस्तर ओले राहिले की जिवाणू वाढतात, रबराचा वास गेलेल्या बुटात पायाचा वास भरू लागतो, आणि त्या दुसऱ्या वासाचे शास्त्र निराळे असल्यामुळे त्याला ग्रंथाचे अखेरचे प्रकरण दिले आहे.